उजव्या खुर्चीतला माणूस

पलूसच्या लालासाहेब पुदालेची नोकरी माझ्या सहीनं गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याबद्दल उगाच कुणाचं चांगलं मत व्हायला नको.

मी जोतीराम साळुंखे, साताऱ्याचा, करंज्यातला. एकसष्ट साली मुंबईच्या एका छोट्या विमान कंपनीत कॅप्टन म्हणून लागलो. कंपनीकडं दोनच विमानं, दोन-दोन इंजिनांची, आठ-आठ प्रवाशांची. एक गुजरातकडं जायचं, दुसरं माझ्याकडं. वेळापत्रक लावून विमानं चालवायची मुभा तेव्हा फक्त सरकारी महामंडळाला होती. म्हणून आमचं विमान कागदावर ‘भाड्याचं’. पण सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ते जुहूहून कऱ्हाडला आणि तिथून सांगलीजवळ कवलापूरच्या धावपट्टीवर यायचं म्हणजे यायचंच. कोयनेच्या कामावरचे इंजिनियर, माधवनगरचे गिरणीवाले, हळदीचे व्यापारी, मुंबईच्या इस्पितळातून परतणारं एखादं आजारी माणूस, शिवाय टपाल आणि औषधांची खोकी, असा सगळा भरणा. सकाळी साडेआठला कवलापूर आणि दुपारी चारला परत.

लालासाहेब माझा दुसरा वैमानिक. त्याच्या घरात सगळे पलटणीतले. वडील सुभेदार होऊन आलेले, दोन चुलते इटलीत लढून आलेले. हा मात्र हवाई दलात मेकॅनिक झाला, नऊ वर्षं इंजिनं खोलून जोडली आणि बाहेर पडल्यावर सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकला. लायसन हातात पडलं तेव्हा तिशी उलटून गेली होती. आमचं विमान पहिल्यांदा पलूसवरून गेलं त्या दिवशी त्याची आई आक्काताई उसाच्या बांधावर उभी राहून पदर हलवत होती म्हणे. वरून काही दिसलं नाही. तरी त्यानं घरी जाऊन “दिसलीस की” असं सांगितलं, आणि आक्काताईंनी मला विचारलं तेव्हा मीही मान डोलावली.

माणूस कमी बोलणारा. रंगानं सावळा, खांदे रुंद. लहानपणी डोक्यावर पडल्याची खूण म्हणून मानेच्या वर, केसांत, चवलीच्या नाण्याएवढा पांढरा ठिपका होता. मला तो ‘जोतीरामदादा’ म्हणायचा. कृष्णाकाठचं धुकं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

“आमच्याकडचं धुकं खालनं वर येतंय दादा,” तो सांगायचा. “नदी दिसली म्हणून फसायचं न्हाई. ती नदी नसती, नुसता वरचा थर आसतोय.”

विमानात पुढं दोन खुर्च्या असतात. डावी कॅप्टनची, उजवी दुसऱ्या वैमानिकाची. दोघांपुढं मोटारीसारखं एकेक चाक. ते फिरवलं की विमान कलतं, छातीकडं ओढलं की नाक वर, ढकललं की खाली. दोन चाकं आतून एकमेकांना जोडलेली असतात. मी माझं ओढलं की त्याचंही ओढलं जातं, त्यानं ओढलं की माझंही. तीन वर्षं आम्ही असे एका दांडीला बांधल्यासारखे उडलो.

चौसष्टच्या दिवाळीआधी मला मुंबईच्या कचेरीत बोलावणं आलं. मॅनेजरसाहेब कापडाच्या धंद्यातून आलेले. स्वतः विमानात बसले की उतरेपर्यंत डोळे मिटून घ्यायचे. त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला.

“कॅप्टन साळुंखे, हे विमान एकट्यानं चालवता येतं का?”

“येतं. पण...”

“पण नंतर लिहू. आधी ‘येतं’ एवढ्यावर सही करा.”

“साहेब, आपल्याकडं धुकं असतं, डोंगर आहेत. दोन डोळे जास्त लागतात.”

“नियमात या जातीच्या विमानाला एक वैमानिक चालतो. तुम्ही सही नाही केलीत तर मालक सांगलीचा मार्गच बंद करणार आहेत. मग तुम्ही दोघंही घरी. मला तुमचा मार्ग वाचवायचाय.”

मी सही केली. मार्ग वाचतोय असं मनाला सांगितलं. ते ‘पण’ कुणीच कधी लिहिलं नाही.

पंधरा दिवसांनी जुहूच्या पत्र्याच्या शेडमध्ये लालासाहेबाच्या हातात पत्र पडलं. गुजरातकडच्या विमानावरच्या दुसऱ्या वैमानिकालाही तसंच आलं होतं. लालासाहेबानं ते उभ्यानं दोनदा वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं. मी काहीतरी बोलायला जवळ गेलो.

तो म्हणाला, “दादा, उजव्या इंजिनाचं तेल जरा लवकर तापतंय. बगत जावा.”

आणि पिशवी उचलून चालायला लागला.

त्यानंतरच्या सोमवारी मी पहिल्यांदा एकटा उडालो. रिकाम्या खुर्चीचा पट्टा कुठं अडकू नये म्हणून तो तसाच बांधून ठेवायचा असतो. मी तो बांधला. विमान पट्टीवरून सुटलं, मी चाक ओढलं, आणि उजवीकडचं चाक माझ्याबरोबर हळूच मागं आलं. तसं ते येणारच होतं. आतली दांडी कशी आहे हे मला पाठ होतं. पण तीन वर्षांत मी ते चाक हाताशिवाय हलताना कधी पाहिलं नव्हतं. खंडाळ्याचा घाट येईपर्यंत मी त्या बाजूला बघितलं नाही.

एक गोष्ट मी त्या वेळी कुणाला सांगितली नव्हती. उतरण्याआधी आम्ही एक यादी मोठ्यानं म्हणायचो. मी म्हणायचो “चाकं”, तो म्हणायचा “खाली”. मी म्हणायचो “पेट्रोल”, तो म्हणायचा “हाय”. एकटा झालो तरी माझी जीभ थांबेना. मी “चाकं” म्हणायचो आणि उत्तरासाठी थांबायचो. पुढं पुढं मी रिकाम्या खुर्चीशी इतरही बोलायला लागलो. वारा कसा आहे, शिरवळ कुठं गेलं, आज उशीर झाला. कुणी ऐकायला नव्हतं, म्हणून लाज वाटली नाही.

डिसेंबरात एका शुक्रवारी तासगावची पारूबाई नावाची म्हातारी मुंबईहून डोळ्याचं ऑपरेशन करून परत आली. एका डोळ्यावर पट्टी. तिचा मुलगा बरोबर होता. ती पुढच्या रांगेत बसली होती आणि आमच्या खुर्च्यांमागचा पडदा बांधून ठेवलेला असायचा, त्यामुळं तिला समोरचं सगळं दिसत होतं. कवलापूरला सगळे उतरले. म्हातारी शिडीशी थांबून राहिली.

“आवं साहेब, त्ये दुसरं साहेब उतरलं न्हाईत व्हय?”

“कोण दुसरे?”

“त्ये उजव्या अंगाचं. सगळा येळ चाकाला हात लावून बसल्यालं.”

मुलगा ओशाळून म्हणाला, “साहेब, आईला अजून नीट दिसत नाही.”

“एका डोळ्यानं चांगलं दिसतंय मला,” म्हातारी त्याच्यावर चिडली. “पाठमोरं हुतं. मानंवर केसात पांढरा ठिपका हाय बग त्यांच्या, चवलीएवढा.”

या बाईनं लालासाहेबाला जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी आत जाऊन पाहिलं. पट्टा मी सकाळी बांधला होता तसाच बांधलेला होता. उजव्या खुर्चीच्या गादीवर हात ठेवला तर ती ऊबदार लागली. काचेतून ऊन येत होतं, त्यानं तापली असेल. तसंच असणार, असं मी स्वतःला दोन दिवस सांगत राहिलो.

पासष्टच्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या बुधवारी, कऱ्हाडहून निघालो तेव्हा वर आकाश स्वच्छ होतं आणि खाली सगळं खोरं कापूस पिंजून भरल्यासारखं. पाच प्रवासी होते. नेहमी मी नदी धरून यायचो. त्या दिवशी धुक्यात एक लांब फट दिसली, तिच्यात पाणी चमकलं, आणि मला वाटलं, कृष्णा. हिशेबानं पलूस मागं पडलं होतं, पुढं सगळं सपाट रान. मी उतरायला लागलो. विमान धुक्यात शिरलं. काचा पांढऱ्या झाल्या.

“चाकं,” मी म्हणालो.

मी चाक पुढं ढकलून धरलं होतं. हे मला शपथेवर सांगता येईल, कारण डावा हात ताठ होता आणि कोपराला रग लागली होती. ते चाक माझ्या अंगावर आलं. धक्का नव्हता तो, वाऱ्याचा हिसका कसा असतो ते मला माहीत आहे. कुणीतरी दोन्ही हातांनी, सगळं अंग मागं टाकून, ओढत होतं. चाक माझ्या छातीला लागलं. मी उजवीकडं बघितलं. तिकडचं चाकही तितकंच मागं आलेलं, आणि खुर्चीत कुणी नव्हतं. इंजिनं ओरडायला लागली. मी इंजिनांना पूर्ण जोर दिला, तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

धुकं क्षणभर फाटलं. खाली काळा कातळ होता, बोरीची झुडपं होती, आणि दोन्ही हात डोक्यावर धरून बसलेला एक मेंढपाळ. त्याच्या घोंगडीचे पट्टे मला दिसले, इतका जवळ. कुंडलचा डोंगर, पलूसच्या अलीकडचा. आणि मग पुन्हा पांढरं, आणि मग वर ऊन. चाक सैल झालं. घड्याळात आठ वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

अर्धा तास वर घिरट्या घालून धुकं विरल्यावर कवलापूरला उतरलो. प्रवाशांना वाटलं, विमान असंच वर-खाली होतं. धावपट्टी राखणारा म्हातारा कोंडीबा शेपटीकडच्या लहान चाकाशी वाकला आणि काहीतरी उपसून माझ्याकडं घेऊन आला. हातभर बोरीची फांदी होती, ओली, बोरांसकट.

“साहेब, ही कुठनं आनली?”

तो फांदी टाकून देईना, मलाही देईना. शेवटी त्यानं ती शेडच्या मागं नेऊन पुरली. का पुरली ते मी विचारलं नाही.

चारपर्यंत वेळ होता. मी मिळेल त्या एस.टी.नं पलूसला गेलो. पुदाल्यांच्या दारात लालासाहेबाची बायको शालूबाई उभी होती. मला बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“या,” ती म्हणाली. “आत पडल्यात. हाताला हळद लावलीया.”

लालासाहेब बाजेवर पडला होता. दोन्ही तळवे फडक्यात गुंडाळलेले, फडकं पिवळं झालेलं, मधूनमधून लाल. डोळे मिटलेले.

“काय झालं?” मी विचारलं.

शालूबाई उंबऱ्यावर बसली. खालच्या आवाजात सांगायला लागली. “तुमास्नी ठावं न्हाई का खरंच? दिवाळीपास्नं ह्ये चाललंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी पावणेसातला बाजेवर बसत्यात, ते साडेआठपतूर. डोळं उगडं, हात असं पुढं. च्या गार हुतो. हाक मारली तर ऐकत न्हाईत, हात धरला तर गार. म्या एकदा म्होरं जाऊन हुबी ऱ्हायले, तर माझ्यातनं पलीकडं बगत हुतं. आदी वाटलं, नोकरी गेल्याचं दुःख हाय. पर दुःखाला येळापत्रक आसतंय व्हय?”

“आणि आज?”

“आज मामंजींनी मुद्दाम नांगरटीला लावलं. म्हनलं, हात गुंतल्यालं बरं. धुकं लय हुतं. म्या न्याहारी घिऊन बांधावर गेले तर ह्येंनी नांगर धरल्याला, नुसतं चालत हुतं. मग एकाएकी थांबलं आन् नांगर वर वडाय लागलं. चार बैलांचा लोखंडी नांगर, फाळ रुतल्याला. वडत ऱ्हायलं, वडत ऱ्हायलं, हाताची सालपटं गेली. आन् वराडलं, ‘दादा, वर!’ नांगर मातीतनं उपसून आला, आन् ह्ये उताणं पडलं. तवापास्नं असं हायत.”

“किती वाजले होते?”

“मला काय ठावं? कारखान्याचा भोंगा हून थोडा येळ झाला हुता.”

तो भोंगा आठाचा.

लालासाहेबानं डोळे उघडले. माझ्याकडं बघून उठायला लागला, पण हात टेकवता येईनात.

“आलासा व्हय दादा,” तो म्हणाला. “विमानाचा आवाज खालच्या अंगानं डोंगराकडं गेल्याला ऐकू आला. मला वाटलं, आता लागतंय. एवढंच ध्येनात हाय. नांगराचं हिनं सांगितलं.”

“लालासाहेब, चाक तू ओढलंस.”

तो आढ्याकडं बघायला लागला. “मी हितं हुतो की,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती. तीन वर्षांत कुठल्याही हवेत मी ती ऐकली नव्हती.

मला आता राहवेना. “तुझ्या त्या पत्रामागं एक गोष्ट आहे. मी तुला...”

“ठावं हाय,” तो म्हणाला. “पत्रातच लिवलंय. कॅप्टन साळुंख्यांच्या लेखी मतावरनं म्हणून.”

म्हणजे शेडमध्ये उभ्यानं पत्र वाचलं, तेव्हाच त्याला कळलं होतं. आणि ते वाचून त्यानं मला इंजिनाच्या तेलाचं सांगितलं होतं.

शालूबाई मला घालवायला रस्त्यापर्यंत आली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, “भाऊजी, एक इचारू? तुमी विमानात एकलं आसताना त्यांच्यासंगं बोलतासा का?”

मी मान खाली घातली.

“नका बोलू,” ती म्हणाली. “तुमी हाका मारताय, आन् ह्ये जात्यात. माझ्या घरातनं माणूस जातंय भाऊजी, आठवड्यातनं तीनदा. एक दिवस तितंच ऱ्हायला तर म्या काय करू?”

दुपारी चारला मी तोंड घट्ट मिटून कवलापूरहून उडालो. आकाश निवळलं होतं. यादी मनातल्या मनात म्हटली. जुहूला उतरेपर्यंत उजवीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पुण्याच्या अलीकडं बघितलं. चाक माझ्याबरोबर हलत होतं. खुर्ची नुसती खुर्ची होती. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट सकाळी धुक्यात वाटली नव्हती एवढी भीती त्या उघड्या उन्हात वाटली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला पत्र लिहिलं. माझं आधीचं मत मी मागं घेतो, या खोऱ्यात एकट्यानं उडणं धोक्याचं आहे, कुंडलच्या डोंगराला विमान लागता लागता वाचलं, लालासाहेब पुदाले यांना परत घ्यावं. चाकाबद्दल काही लिहिलं नाही. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून चहा दिला आणि म्हणाले, “म्हणजे नोव्हेंबरात जमत होतं, आता जमत नाही. तुमच्या तब्येतीत काही फरक पडलाय का?” मला डॉक्टरी तपासणीला पाठवलं आणि निकाल येईपर्यंत घरी बसवलं. निकाल आलाच नाही. माझ्या जागी बाहेरून एक तरुण वैमानिक आणला, एकटाच. त्याला मी शोधून काढून धुक्याचं सगळं समजावलं. तो हसला, पण बरा मुलगा होता. थंडी सरेपर्यंत त्यानं नऊच्या आत कधी विमान उतरवलं नाही.

मे महिन्यात मालकांनी सांगलीचा मार्ग बंद केला. खर्च कमी दाखवला की विमानं विकताना गिऱ्हाईक चांगलं मिळतं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता, हे मला कचेरीतल्या एका कारकुनानं सांगितलं. दोन्ही विमानं विकली गेली. तो तरुणही घरी बसला. माझी सही कुठल्याच कामाला आली नाही.

मला पुढं पुण्याच्या फ्लाइंग क्लबात शिकवायचं काम मिळालं. तिथं बसून मी ओळखीच्या प्रत्येकाला लालासाहेबासाठी पत्रं टाकली. आसामातल्या एका कंपनीची मोठी मालवाहू विमानं डोंगरातल्या ठाण्यांवर धान्य टाकायची. त्यांना अनुभवी दुसरा वैमानिक हवा होता. पासष्टच्या नोव्हेंबरात त्याला तिकडचं बोलावणं आलं. माझ्या हाका बंद झाल्यापासून सकाळचं ते बसणं थांबलं होतं, पण शालूबाईचा विश्वास नव्हता. तिनं त्याला एकटं पाठवायला साफ नकार दिला. स्वतः ट्रंक भरली.

भिलवडी स्टेशनवर मी त्यांना निरोप द्यायला गेलो. लालासाहेबाच्या तळव्यांवर जाड गुलाबी कातडी आली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, “दादा, तुमी खोटं कुठं लिवलं हुतं? एकट्याला चालवाय येतंयच की.” आणि ट्रंक आत ढकलायला वळला.

शालूबाई खिडकीतून वाकली. “भाऊजी, तितल्या विमानात दोन माणसं बसत्यात न्हवं?”

“तिथं नियमच आहे,” मी म्हणालो.

“कवा बदलला तर?”

“तर मला तार करा.”

गाडी हलली तेव्हा ती नवऱ्याचं मनगट धरून बसली होती.

दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं. तिकडचे डोंगर आपल्यापेक्षा उंच आहेत, पाऊस कधी थांबतो ते कळत नाही. कॅप्टन पंजाबी आहे, सारखा गात असतो, पण धुक्याला भितो, म्हणजे माणूस चांगला. शालूला माशांचा वास सोसत नाही. आणि खाली एक ओळ होती, ‘ही म्हणते, आता तुम्ही कामावरून अख्खेच्या अख्खे घरी येता.’

मी ते पत्र घेऊन रविवारी पलूसला गेलो, आक्काताईंना वाचून दाखवायला. त्या साली आमच्याकडं पावसानं दगा दिला होता. म्हातारीनं ते सगळं ऐकलं. मग म्हणाली, “पावसाचं परत वाच.”